तोल सावरणारे पाय

मोठ हे झाशी जिल्ह्यातले तहसिलीचे गाव. झाशीहून ईशान्येला सुमारे ५० किलोमीटरवर, झाशी-कानपूर लोहमार्गावर आणि त्याच दिशेने जाणाऱ्या महामार्गावर ते वसले आहे. मराठी इतिहासात त्याचे नाव अठराव्या शतकाच्या मध्यावर येते. राजेंद्रगिरी गोसाव्याने इथे गढी बांधून आसपासचा मुलूख बळकावला होता, आणि पेशव्यांचे झाशीचे सुभेदार नारो शंकर यांनी त्याला तिथून हुसकावून लावले. आज बहुतेक मराठी प्रवासी मोठ पाहतात ते गाडीच्या खिडकीतून. पण इथे विषय गढीचा किंवा गोसाव्यांचा नाही. परीछा, चिरगाव मागे टाकून गाडी मोठला थांबते आणि पुन्हा हिसका देऊन सुटते, तेव्हा डब्यात उभ्या असलेल्या माणसाचे शरीर एका सेकंदाच्या आत जे काही करते, त्याची ही हकिकत आहे.

समजा, हा माणूस इंजिनाकडे तोंड करून, कशालाही न धरता उभा आहे. हिसका बसताच डब्याची जमीन त्याचे पाय पुढे ओढते. वरचे धड मात्र जागच्या जागी राहू पाहते आणि पायांच्या मागे पडते. भार टाचांवर जातो, नडगीच्या पुढचा स्नायू ताणला जातो. या ताणाची खबर मज्जातंतूंमधून सेकंदाला साधारण ५० ते ६० मीटर वेगाने वर धावते. हिसक्यानंतर सुमारे १०० मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात, तोच नडगीचा स्नायू आवळतो. त्यानंतर वीस-तीस मिलिसेकंदांनी मांडीचा पुढचा स्नायू आणि मग पोटाचा. खालून वर अशी ही साखळी चढत जाते आणि मागे कललेले धड पुन्हा पायांवर आणते. गाडी ब्रेक लावते तेव्हा सगळे उलट्या बाजूने होते: आधी पोटरी, मग मांडीचा मागचा भाग, मग पाठीचे स्नायू. क्रम मात्र तोच, जमिनीपासून वर.

ठरवून केलेल्या हालचालीला याहून जास्त वेळ लागतो, निदान २०० मिलिसेकंदांच्या आसपास. म्हणजे ‘आता धरायला हवे’ हा विचार मनात येईपर्यंत पायांनी आपले अर्धे काम उरकलेले असते. उलट, डॉक्टर गुडघ्याखाली हातोडी मारतात आणि पाय उडतो, ती प्रतिक्षिप्त क्रिया याहून पुष्कळ जलद असते; तिचा कारभार मेरुरज्जूतल्या मेरुरज्जूतच मिटतो. तोल सावरणारा प्रतिसाद या दोहोंच्या मधला. तो आंधळा नाही आणि विचारपूर्वकही नाही. तो शिकलेला आहे, आणि या विषयातली सगळ्यात नवलाची गोष्ट मला हीच वाटते.

हिसका नसतानाही उभे राहणे ही स्थिर गोष्ट नाहीच. माणसाचा गुरुत्वमध्य बेंबीच्या थोडा खाली, त्रिकास्थीच्या पुढे असतो. जमिनीपासून त्याची उंची एकंदर उंचीच्या निम्म्याहून थोडी अधिक, आणि त्याखाली आधार काय, तर दोन पावलांनी व्यापलेली वीतभर जागा. तळहातावर काठी उभी तोलण्याचा खेळ आपण लहानपणी खेळतो. उभा माणूस म्हणजे जवळपास तशीच काठी, फक्त हात तिच्या पोटातच आहे. गुरुत्वमध्य घोट्याच्या किंचित पुढे पडत असल्याने शरीर सतत पुढे झुकू पाहते आणि पोटऱ्या त्याला सतत मागे ओढत असतात. स्तब्ध उभ्या असलेल्या पहारेकऱ्याचेही शरीर काही मिलिमीटर पुढेमागे डोलतच असते. घोट्यापासून ताठ कलायचे म्हटले तर पुढे सुमारे ८ अंश आणि मागे सुमारे ४ अंश, एवढीच मोकळीक. त्यापलीकडे गेले की पाऊल टाकावे लागते, नाहीतर पडावे लागते.

पोटरीबद्दल फार काळ एक सोपी समजूत होती. स्नायू ताणलेल्या स्प्रिंगसारखा असतो, शरीर पुढे गेले की तो ताणला जातो आणि मागे खेचतो. बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या इयन लोरॅम आणि मार्टिन लेकी यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात अल्ट्रासाउंड लावून उभ्या माणसाची पोटरी प्रत्यक्ष हलताना पाहिली. दिसले ते उलटेच. शरीर पुढे झुकत असताना पोटरीचा स्नायू लांबण्याऐवजी आखूड होत होता. त्याचे कारण खालच्या कंडरेत आहे. ही कंडरा लवचीक असल्यामुळे ती ताणली जाते, पण नुसत्या तिच्या जोरावर शरीर तोलले जात नाही. म्हणून स्नायूला वरून सेकंदाला दोन-तीनदा छोटे छोटे झटके देऊन तिला ओढावे लागते. शरीर पुढे पडणार हे ओळखून आधीच दिलेले हे झटके. आपण ‘नुसते उभे’ असतो तेव्हा आत हे चाललेले असते.

हे सारे चालवायला खबर तीन वाटांनी येते: डोळे, अंतःकर्ण, आणि पाय व सांध्यांतली स्पर्शाची व ताणाची जाण. अंतःकर्णात प्रत्येक बाजूला तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, एकमेकींशी जवळपास काटकोनात, म्हणजे डोके कुठल्याही दिशेला वळले तरी एकीतला द्रव हलतोच. त्यांच्याशेजारी दोन छोट्या पिशव्या असतात. त्यांतल्या पातळ पडद्यावर कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म खडे बसवलेले असतात. डोके कलले किंवा गाडीने वेग घेतला की खडे सरकतात आणि खालचे केसाळ पेशींचे तुरे वाकवतात. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पिएर फ्लुरांस या फ्रेंच शास्त्रज्ञाने कबुतरांच्या या नलिका कापल्या. पक्षी जगले, त्यांना ऐकूही येत राहिले, पण कापलेली नलिका ज्या प्रतलात होती त्याच प्रतलात त्यांचे डोके गरागरा फिरू लागले. पुढे व्हिएन्नाच्या रॉबर्ट बारानी यांनी कानात गरम आणि थंड पाणी सोडून या इंद्रियाची तपासणी करण्याची रीत बसवली. १९१४ सालचे वैद्यकाचे नोबेल त्यांना जाहीर झाले, तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते.

तिसरी वाट, पायांची, सगळ्यात कमी गौरवली गेलेली. बर्लिनचे डॉक्टर मोरिट्झ रोम्बर्ग यांनी १८४० च्या दशकात एक साधी खूण नोंदवली. मेरुरज्जूचा आजार होऊन पायांची जाण गेलेले रुग्ण डोळे उघडे असताना पाय जुळवून उभे राहू शकत होते. डोळे मिटले की डोलू लागत आणि पडत. सकाळी तोंड धुताना डोळे मिटून वाकले की तोल जातो, अशी त्यांची तक्रार असे. तीनपैकी एक वाट बंद झाली तर उरलेल्या दोघी भागवून नेतात, दोन बंद झाल्या तर कठीण. आजही मज्जासंस्थेची तपासणी करताना डॉक्टर ‘पाय जुळवा, डोळे मिटा’ म्हणतात, ते याचसाठी.

तिन्ही वाटांची साक्ष जुळेलच असेही नाही. मोठच्या स्थानकात शेजारच्या रुळावरची गाडी हळूच सरकू लागली की आपलीच गाडी सुटल्यासारखे वाटते. डोळे म्हणतात हललो, कान आणि पाय म्हणतात नाही. प्रौढ माणूस क्षणभर पाय घट्ट रोवतो आणि हसतो. नुकते उभे राहायला शिकलेले मूल मात्र डोळ्यांवरच विश्वास ठेवते. १९७४ मध्ये एडिंबरामध्ये डेव्हिड ली आणि एरिक ॲरन्सन यांनी भिंती आणि छत सरकवता येईल अशी खोली बनवून तिच्यात अशी मुले उभी केली. जमीन हलत नव्हती. भिंती सरकवल्या की मुले डोलत, अडखळत, कित्येक तर पडत.

आता पुन्हा हिसक्याकडे. धक्का देऊन माणूस कसा सावरतो ते मोजण्याचे काम १९७० च्या दशकात अमेरिकन संशोधक लुईस नॅशनर यांनी नेटाने केले. त्यांनी माणसाला एका फळीवर उभे केले. ही फळी अचानक मागेपुढे सरके किंवा तिरकी होई, आणि पायांच्या स्नायूंवर लावलेल्या पट्ट्या कोणता स्नायू कधी जागा झाला ते टिपत. पुढे फे होराक यांच्याबरोबर त्यांनी दाखवले की सावरण्याच्या रीती मोजक्याच आहेत. धक्का हलका आणि जमीन रुंद असेल तर घोट्यातून सावरायचे, शरीर ताठ ठेवून. धक्का मोठा किंवा पाय टेकायला जागा अरुंद असेल तर कमरेतून झटकन वाकायचे. त्यानेही भागले नाही तर पाऊल टाकायचे किंवा हाताने काहीतरी पकडायचे. यांच्या मिसळीही होतात.

नॅशनर यांचा १९७६ चा एक प्रयोग फार बोलका आहे. फळी मागे सरकली तर शरीर पुढे पडते, पोटरी ताणली जाते आणि आवळते, ते योग्यच. पण फळीचा पुढचा भाग वर उचलला तरीही पोटरी ताणली जाते, आणि या वेळी ती आवळली तर माणूस उलटा मागे फेकला जातो. ताण तोच, पण उत्तर विरुद्ध हवे. पहिल्या खेपेस लोक फसले, मागे हेलकावले. तीन ते पाच खेपांतच पोटरीचा तो प्रतिसाद मंदावला. कुणी त्यांना ‘आवळू नका’ असे सांगितले नव्हते, आणि सांगून ते जमलेही नसते. लहान मेंदू मागच्या चुकीचा हिशेब घेऊन पुढच्या वेळची मात्रा ठरवतो. लहान मेंदूला इजा झालेल्या रुग्णांत प्रतिसाद वेळेवर येतो, पण प्रमाणाबाहेर मोठा येतो आणि माणूस उलट्या बाजूला कलंडतो. रोज झाशीला कामावर जाणारा प्रवासी आणि वर्षातून एकदा गाडीत चढणारा पाहुणा यांच्या पायांत हाच फरक आहे. पाहुण्याचे सगळे अंग पहिल्या हिसक्याला ताठरते. रोजचा माणूस पाय प्रवासाच्या दिशेला फाकवून उभा असतो आणि त्याचे बोलणेही तुटत नाही.

झाशीच्या मराठी माणसाला याची तालीम फार जुनी आहे, आणि ती गाडीत घेतलेली नाही. मल्लखांबाचा उल्लेख बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात आहे. दुसऱ्या बाजीरावांच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी त्याला पुन्हा उभे केले. बाजीराव बिठूरला गेले तशी ही विद्याही तिकडे गेली, आणि तिथे लहानपणी मनूने, म्हणजे पुढच्या राणी लक्ष्मीबाईंनी, तिचे धडे घेतले असे परंपरा सांगते. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५८ च्या वेढ्यात झाशीतच होते. त्यांच्या ‘माझा प्रवास’ या पुस्तकातही बाईसाहेबांच्या व्यायामाच्या आवडीचे वर्णन आहे. एप्रिल १८५८ च्या सुरुवातीला राणी रात्री झाशी सोडून घोड्यावर निघाल्या आणि भांडेरवरून काल्पीला पोहोचल्या. हे भांडेर मोठपासून फार दूर नाही. धावत्या घोड्यावर असे अंतर कापणाऱ्या शरीराचा तोल किती कसलेला असेल, याचा अंदाज करता येतो. मोजमाप अर्थातच कुणाकडे नाही.

मल्लखांबावर उभे राहण्याची कसोटी बोंडावर लागते. बोंड म्हणजे खांबाच्या माथ्यावरचा गोल शेंडा. त्यावर पाऊल पुरे टेकत नाही, टाच किंवा चवडा बाहेर राहतो. घोट्यातून सावरायची रीत तिथे निकामी होते, कारण घोटा कितीही जोराने दाबला तरी ज्यावर दाबायचे ते लाकूडच नसते. उरते कंबर आणि हात. होराक आणि नॅशनर यांनी १९८६ साली नेमकी हीच परिस्थिती प्रयोगशाळेत निर्माण केली होती: पावलाहून अरुंद पट्टीवर माणसे उभी करून पट्टी हलवायची. लोकांना घोटा सोडून कमरेकडे वळायला काही खेपा लागल्या. आणि मग त्यांना रुंद जमिनीवर परत आणले, तर सुरुवातीच्या काही धक्क्यांना ते अजून कमरेतूनच वाकत होते. तोल नवी सवय पटकन उचलतो, पण जुनी सोडायलाही त्याला थोडा अवकाश लागतो. आखाड्यातला उस्ताद शब्दांत फारसे समजावत बसत नाही, पुन्हा चढ म्हणतो. तो शास्त्राला धरूनच आहे.

धक्का बाहेरूनच येतो असेही नाही. आपण स्वतःच स्वतःला सतत धक्के देत असतो. हात झटकन वर उचलला तरी धड हलते. १९६७ मध्ये रशियन संशोधक बेलेंकी, गुर्फिंकेल आणि पाल्त्सेव यांनी दाखवले की हात उचलणारा खांद्याचा स्नायू जागा होण्याआधीच पायांचे स्नायू जागे झालेले असतात. येणाऱ्या झोकाची तजवीज आधी, हालचाल नंतर. बुंदेलखंडात पाण्याची टंचाई नवी नाही आणि डोक्यावर भरलेली भांडी घेऊन चालणाऱ्या बायका या भागात अजून दिसतात. भांड्यावर भांडे ठेवलेले असते, वाट खडकाळ असते, आणि मान जवळपास हलत नाही. केनियातल्या लुओ आणि किकुयू स्त्रियांवरचा एक अभ्यास १९८६ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. शरीराच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत भार डोक्यावर घेऊन चालताना त्यांना रिकाम्या चालीपेक्षा जास्त ऊर्जा लागत नव्हती. हे वाचून कुणी भार वाहण्याचे कौतुक करत बसू नये. मानेच्या मणक्यांना तो भार सोसावा लागतोच, आणि घरात नळ आला तर या कसबाविना कुणाचे अडणार नाही.

डब्यातल्या कडीबद्दलही एक गंमत आहे. कडी घट्ट धरली तरच उपयोग होतो असे आपण समजतो. जॉन जेका आणि जेम्स लॅकनर यांनी १९९४ मध्ये लोकांना एका बोटाचे टोक एका पट्टीला नुसते टेकवायला लावले. दाब इतका हलका, १०० ग्रॅम वजनाहूनही कमी, की शरीराला त्याचा आधार मिळणे शक्यच नव्हते. तरीही डोलणे लक्षात येण्याइतके घटले. बोटाला मिळालेली खबरच पुरेशी होती. नातवाच्या खांद्यावर नुसता हात ठेवून चालणारे आजोबा त्याच्यावर भार टाकत नसतात. ते त्याच्या खांद्यावरून जमीन वाचत असतात.

वय वाढते तसे तिन्ही वाटा अरुंद होतात. अंतःकर्णातल्या केसाळ पेशी कमी होतात आणि पुन्हा उगवत नाहीत, डोळ्यांवर मोतीबिंदू येतो, तळपायांची जाण बोथट होते. कधी ते सूक्ष्म खडे सुटून नलिकेत शिरतात आणि कुशीवर वळताच खोली फिरू लागते. त्यावर डोके ठरावीक क्रमाने वळवण्याचा उपाय आहे आणि तो बहुधा लगेच लागू पडतो, म्हणून महिनोन्महिने चक्करेच्या गोळ्या खात राहण्यात अर्थ नसतो. भारतात तळपायांचा मोठा शत्रू मधुमेह. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे सुमारे १०.१ कोटी रुग्ण आहेत. यांतल्या अनेकांचे तळवे हळूहळू मुके होत जातात आणि रात्री दिवा मालवल्यावर त्यांची अवस्था रोम्बर्गच्या रुग्णासारखी होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्याने दगावतात, आणि त्यांतले ८० टक्क्यांहून अधिक मृत्यू कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. रस्त्यावरच्या अपघातांची बातमी होते, न्हाणीघरातल्या पडण्याची होत नाही.

जे शिकले ते म्हातारपणीही पुन्हा शिकता येते, ही त्यातल्या त्यात दिलासा देणारी बाब. शिकागोत यी-चुंग पै, तन्वी भट्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६५ वर्षांवरच्या २१२ जणांवर केलेला प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला वरून दोरांनी सुरक्षित बांधून, सांगितल्याशिवाय, एकाच बैठकीत २४ वेळा पायांखालची फळी सरकवून घसरवले. पुढच्या वर्षभरात या गटातले पडण्याचे प्रमाण दुसऱ्या गटाच्या निम्म्याच्या आसपास राहिले. अर्थात हे घरी करून पाहायचे काम नाही. रिओ द जानिरोमधल्या १,७०२ प्रौढांच्या पाहणीत असेही दिसले की ज्यांना एका पायावर १० सेकंद उभे राहता आले नाही त्यांच्यात पुढच्या काही वर्षांतले मृत्यू अधिक होते. एका पायावर उभे राहिल्याने आयुष्य वाढते असा याचा अर्थ नव्हे. प्रकृती खालावत असल्याची ती एक खूण आहे, आणि ती तपासायला पैसे पडत नाहीत.

तेव्हा साठी ओलांडलेल्यांनी ओट्याजवळ किंवा भिंतीशी, हात टेकता येईल अशा बेताने, रोज थोडा वेळ एका पायावर उभे राहून पाहावे. घरच्यांनी न्हाणीघराच्या वाटेवर रात्री बारीक दिवा ठेवावा, सुटी पायपुसणी काढून टाकावीत, भिंतीला पकडायला कडी बसवावी. मधुमेह असेल तर तळवे रोज तपासावेत. आणि वर्षभरात दोनदा पडलेल्या माणसाला ‘आता वय झाले’ म्हणून घरी बसवू नका. त्याला डॉक्टरांकडे न्या, आणि चालू असलेल्या औषधांची चिठ्ठीही बरोबर न्या. झोपेच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही तोल जातो.